जिभेखालची गोळी

गाडीचा एसी वैशाखात दगा देणार हे आम्रपालीला चैत्रातच कळलं होतं. तेव्हापासूनच तो खोकत होता. तिने वर कळवलं, वरून ‘नोंद घेतली’ असं उत्तर आलं, आणि नोंद घेऊन झाल्यावर एसी बंद पडला. आता रुग्णवाहिका हडपसरला कालव्याच्या कडेला एका शिरीषाच्या विरळ सावलीत उभी राहायची आणि हिंमतराव टपावर ओली पोती टाकायचे. पोती हां हां म्हणता वाळायची. हिंमतराव ती पुन्हा भिजवायचे, पुन्हा टाकायचे आणि खाली उतरून म्हणायचे, "आमच्या वाशिमले याच्यापेक्षा जास्त तपते. पण तिथं कोणी मले पोते भिजवाले लावत नाही."

हिंमतराव गाडी चालवत आणि आम्रपाली मागे रुग्णापाशी असे. गाडी एका धर्मादाय संस्थेची होती. धर्म संस्थेला लागत होता आणि घाम या दोघांना. औषधं उन्हाने नासू नयेत म्हणून हिंमतरावांनी मासळीवाल्याकडून थर्माकोलचा एक डबा मिळवला होता. तो कितीही धुतला तरी झाकण काढलं की बांगड्याचा वास यायचा. तळाला टॉवेलात गुंडाळलेल्या बर्फाच्या पिशव्या आणि वर औषधांच्या काचेच्या कुप्या, अशी त्याची मांडणी.

औषध द्यायची या दोघांची एक रीत ठरून गेली होती. आम्रपाली कुपी उजेडाला धरून नाव, ताकद आणि तारीख मोठ्याने वाची. मग ती कुपी हिंमतरावांच्या डोळ्यांपुढे जाई आणि तेही तेच वाचत. त्यांचं इंग्रजी अडखळतं, म्हणून ते अक्षराला अक्षर लावत बसत. तिला तेच बरं वाटे, कारण सवयीने वाचणारा माणूस मनात असतं तेच वाचतो. कुपी फोडली की रिकामी काच फेकायची नाही, चिकटपट्टीने ट्रेला डकवून ठेवायची, माणूस दवाखान्याच्या हवाली होईपर्यंत. आणि या सगळ्याच्या आधी रुग्णाला विचारायचं: काही सोसत नाही का, आधी काय घेतलंय, कधी घेतलंय. हे विचारणं कुणालाच आवडत नसे. माणूस तळमळतोय आणि बाई चौकशा करत बसलीय, असं घरच्यांना वाटे, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असंही नाही.

अशाच एका चौकशीने तिच्या नोकरीवर संक्रांत आली.

मांजरीतून दुपारचा फोन आला. जमीन विकून बांधलेला बंगला, बाहेर संगमरवरी पायऱ्या, त्या इतक्या तापलेल्या की अनवाणी पाय ठेववत नव्हता. आत दिवाणावर अण्णा, म्हणजे घराचे कर्ते, घामाने थबथबून पडले होते. उशाशी त्यांचा मुलगा सुदर्शन, पायाशी बायको द्वारकाबाई आणि उरलेल्या जागेत भावकी. पंखा फिरत होता, पण तो गरम हवाच इकडून तिकडे करत होता.

"अण्णा, कुठं दुखतंय?"

"हितं. दगड ठिवल्यागत."

आम्रपालीने छातीला तारा लावल्या, रक्तदाब पाहिला, फोनवर संस्थेच्या डॉक्टर अभयना हृदयाच्या आलेखाच्या पट्टीचा फोटो धाडला. गाडीवर डॉक्टर नसे, जे काही द्यायचं ते त्यांना विचारून द्यायचं. ते म्हणाले, ॲस्पिरिन चावायला द्या, जिभेखालच्या गोळीचं आधी विचारून घ्या.

तोवर सुदर्शनने तळहात पुढे केला. त्यावर एक पांढरी गोळी होती. "ही घ्या मॅडम. शेजारच्या काकांची. जिभेखाली ठेवली की लगेच फरक पडतो त्यांना."

"थांबा. आधी एक विचारायचंय. सगळ्यांनी जरा बाहेर व्हा."

कुणी हललं नाही. जिथे माणूस जातो की राहतो ते कळत नाही, तिथून कोण उठून जाणार? आम्रपालीने तेव्हा हटून बसायला हवं होतं. पण यंत्र टिकटिकत होतं, भुवईवरचा घाम डोळ्यांत उतरत होता, सकाळपासूनची ही कितवी खेप ते तिला आठवत नव्हतं. ती अण्णांच्या कानाशी वाकली. आपण हळू बोलतोय असं तिला वाटलं. नेमकी तेव्हाच खोली चिडीचूप झाली होती.

"अण्णा, गेल्या दोन दिवसांत ताकदीची गोळी घेतली का? बायकोजवळ जायच्या आधी पुरुष घेतात ती."

द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला. भावकीतला कुणीतरी खाकरला, आणि ते खाकरणं हसण्याच्या फार जवळचं होतं.

"ओ मॅडम, कुणाला काय विचारताय?" सुदर्शन म्हणाला. "बाप हाय माझा. नातवंडं हायत त्यांना."

"ती गोळी अंगात असेल आणि त्यावर ही दिली तर रक्तदाब एकदम कोसळतो. मग माणूस हाताला लागत नाही. म्हणून विचारावं लागतं."

"असलं काय चालत न्हाय आमच्या घरात. तुम्ही द्या गोळी."

"हे अण्णांनी सांगायला हवं."

अण्णांनी तोंड भिंतीकडे वळवलं. ‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही. ती पाहत राहिली तेवढ्यात डॉक्टर फोनवरून म्हणाले, "नक्की कळत नसेल तर देऊ नका. ॲस्पिरिन द्या आणि निघा."

मगरपट्ट्याच्या वळणापर्यंत अण्णा कण्हत होते. सुदर्शन पुढे बसून फोनवर कुणाकुणाला सांगत होता की गोळी हातात असून बाई देत नाही. आम्रपालीने अण्णांचा दंड धरून ठेवला होता. दुसरं करण्यासारखं काही तिच्यापाशी नव्हतं, आणि ज्याच्याने कदाचित बरं वाटलं असतं ते पुढच्या सीटवर एका मुठीत होतं.

अण्णा वाचले. त्यांच्या हृदयाच्या अडलेल्या नळीत जाळी बसली आणि तक्रार त्याच संध्याकाळी आली.

संस्थेचे आमोदसर कचेरीत बसत. तिथला एसी उत्तम चालत होता.

"बसा," ते म्हणाले. "सुदर्शनराव फार मोठे आहेत असं नाही. पण आपल्या दोन गाड्या ज्यांनी दिल्यात त्यांच्या ते बैठकीतले आहेत. त्यांचं म्हणणं, बाईंनी वडिलांना चारचौघांत अश्लील प्रश्न विचारला आणि औषध अडवलं."

"सर, तो प्रश्न विचारावाच लागतो. प्रशिक्षणात तुम्हीच..."

"प्रश्न बरोबर असेल हो. पुस्तकात असतोच तो. पण पुस्तकात भावकी नसते." त्यांनी चष्मा पुसला. "रविवारी त्यांच्या घरी जाऊन माफी मागा. पुन्हा असं होणार नाही म्हणा. कंत्राटं पावसाळ्याआधी नव्याने व्हायची आहेत, तुम्हाला वेगळं सांगायला नको."

"म्हणजे पुन्हा विचारायचं नाही?"

"असं मी कुठे म्हणालो? तो अर्थ तुम्ही काढताय."

बाहेर हिंमतराव गाडीला टेकून उभे होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी पायाने टायर दाबून हवा पाहिली. मग म्हणाले, "ताई, तुम्ही मले आवाज देला असता तं मी इचारलं असतं. बाप्याले बाप्या इचारते तं कोणाले काही वाटत नाही."

आम्रपालीला राग आला. त्यांचं खरं होतं म्हणूनच तो आला.

बोपोडीत, खडकी स्टेशनच्या मागच्या अंगाला, आम्रपालीच्या सासरचं दोन खोल्यांचं घर होतं. सासरे भीमराव दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. सासू प्रेमला. नवरा चेतन चाकणच्या एका कारखान्यात होता, तिथे एक पाळी बंद झाल्यापासून बोलावतील तेव्हा जायचं असं चाललं होतं. म्हणजे महिन्याच्या महिन्याला खात्रीने येणारं असं आम्रपालीचंच होतं, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक असल्याने कुणी ते बोलून दाखवत नसे.

तिने पोळ्या लाटता लाटता सासूला सांगितलं. बाहेरच्या खोलीत भीमराव पेपर वाचत होते. मधे फक्त एक पडदा.

"म्हाताऱ्या माणसाला असं विचारलंस?" प्रेमलाने हातातला झारा ठेवला. "सासऱ्याच्या वयाच्या?"

"आई, पंचविशीतल्यापेक्षा त्या वयातलेच जास्त घेतात."

"पुरे." प्रेमलाने पडद्याकडे पाहिलं. "काही गोष्टी आपल्या तोंडाला शोभत नाहीत. माफी माग आणि मोकळी हो. गोळी मागितली, गोळी द्यावी. घरोघरी असते ती. आपल्या शेजारच्या तुळजाबाईंकडे डबी भरून आहे."

"तीच तर भीती आहे."

पडद्यापलीकडे पेपर घडी केल्याचा आवाज आला. भीमराव म्हणाले, "तिचं काम आहे ते. तिला करू द्या." मग चपला सरकवत ते बाहेर गेले आणि जेवणं होईपर्यंत आले नाहीत. चेतनने पोळी दुमडत विचारलं, "पण माफी मागितली की संपतं ना हे?" तिने हो म्हटलं. त्याच्यावर चिडायचीही तिच्यात ताकद उरली नव्हती.

पुढचे दिवस एकाला एक चिकटून गेले. ऊन असं की गाडीचं दार उघडायला हाताला फडकं गुंडाळावं लागे. एका इमारतीच्या बांधकामावर बाई चक्कर येऊन पडली, तिला सलाईन लावताना शीर सापडेना, कारण अंगात पाणीच नव्हतं. फुरसुंगीला एका मुलीला दम्याने धरलं होतं. त्या दिवशी भांडारातून नव्या कंपनीच्या कुप्या आल्या होत्या आणि दोन निराळ्या औषधांच्या कुप्या रंगाने, आकाराने जुळ्या बहिणी. आम्रपालीने एक उचलून वाचली. हिंमतराव अक्षर लावता लावता थांबले. "हे ते नोहे, ताई." तिने पाहिलं. नोहेच. तिने कुपी परत ठेवली, दुसरी घेतली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. मुलगी बरी झाली. संध्याकाळी तिने दोन्ही कुप्या डब्यात दूरदूरच्या कोपऱ्यांत ठेवल्या आणि एकीला लाल दोरा बांधला. एवढं केल्यावर ती गाडीच्या पायरीवर बसली आणि उगाच रडली. हिंमतराव पोती भिजवायला निघून गेले.

आणि मग हडपसरच्या भाजीबाजारातला तो हमाल. पाठीवर गोणी असतानाच त्याच्या छातीत कळ आली होती. टोमॅटोच्या क्रेटवर त्याला बसवलेला, भोवती गर्दी, गर्दीत बायका. डॉक्टर अभयनी फोनवर विचारलं, "सगळं विचारलंत?" प्रश्न तिच्या जिभेवर आला. तिने गर्दीकडे पाहिलं, कुणाच्या तरी हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हो सर."

तिने गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली. मग त्याच्या मनगटावरची तिची बोटं दवाखाना येईपर्यंत सुटली नाहीत. त्याचं काही बिघडलं नाही. उलट तो हसून म्हणाला, "बरं वाटतंय, ताई." त्याने आभार मानले तेव्हा तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

परतताना हिंमतराव आरशातून म्हणाले, "आज नाही इचारलं तुम्ही."

"गाडी चालवा तुम्ही."

त्यांनी चालवली.

रविवार उजाडला तो बुद्धपौर्णिमेच्या आधीचा. विहाराची रंगरंगोटी चालू होती आणि भीमराव पांढरा सदरा घालून तिकडे निघायच्या तयारीत होते. चेतनला सकाळीच चाकणहून बोलावणं आलं होतं. आम्रपाली माफी मागायला जाताना कोणती साडी नेसावी याचा विचार करत होती. भारी नेसली तर तोरा दिसेल, साधी नेसली तर अवहेलना. असल्या गोष्टींवर विचार करायची वेळ आपल्यावर आली याचीच तिला शरम वाटत होती.

"आम्रपाली," प्रेमलाची हाक आली. आवाज असा की ती अर्धवट नेसलेल्या साडीनिशी बाहेर धावली.

भीमराव खाटेच्या कडेवर बसले होते. मूठ छातीवर दाबलेली, ओठ राखेच्या रंगाचे. सदरा पाठीला चिकटला होता. "काही नाही," ते म्हणाले, "जरा अपचन." त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही.

तिने गाडीसाठी फोन केला. हडपसरची गाडी लांब होती. जवळची दुसरी येत होती. तोवर गल्लीला कळलं होतं आणि शेजारच्या तुळजाबाई डबी घेऊन दारात हजर. दारामागे आणखी चार तोंडं. प्रेमलाने डबीतून गोळी काढली, नवऱ्याच्या हनुवटीला हात लावला. "तोंड उघडा हो. जिभेखाली धरा."

आम्रपालीने सासूचं मनगट पकडलं. इतक्या वर्षांत तिने सासूचा हात असा कधी धरला नव्हता.

"आई, थांबा."

"काय थांबा? बघतेस ना त्यांचं?"

"तुळजाबाई, गाडीवाल्याला गल्ली सापडायची नाही. तुम्ही कोपऱ्यावर उभ्या राहा. आणि ह्या सगळ्यांना घेऊन जा." तिने दार लावून घेतलं. त्या गल्लीत दिवसाढवळ्या दार लावायची पद्धत नव्हती, तेव्हा बाहेर लगेच कुजबुज सुरू झाली. होऊ दे म्हणाली ती मनाशी. "आई, तुम्हीही आत जा."

"मी त्यांची बायको आहे."

"म्हणूनच जा."

प्रेमला पडद्याआड गेली. गोळी तिच्या मुठीतच होती.

आम्रपाली सासऱ्यापुढे गुडघ्यांवर बसली. लग्न होऊन आल्यापासून या माणसाशी तिचं बोलणं चहा, पेपर आणि तब्येत याच्या पलीकडे गेलं नव्हतं. तिला शिकायला त्यांनी पाठवलं होतं. तिच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी तिला सोडायला तेच आले होते आणि फाटकाबाहेरूनच परत गेले होते, सुनेला अवघडल्यासारखं नको म्हणून. आता त्यांना काय विचारायचंय हे त्यांनाही कळलं होतं. त्या दिवशी पडद्यापलीकडे बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, गेल्या दोन दिवसांत ताकदीची गोळी घेतली का तुम्ही?"

भीमरावांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मांजरीला तिने हेच पाहिलं होतं. तशीच मान, कानामागे तसाच घाम. तिला वाटलं, पुरुषांना मरायचं असलं की भिंतच लागते का? संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा राग नव्हता तो. तिला त्या भिंतीचाच राग आला होता.

"बोलू नका," ती म्हणाली. "माझ्याकडे बघूही नका. हात द्या." तिने त्यांचा हात घेतला. कारखान्यात पितळ घासघासून त्याची बोटं लाकडासारखी झाली होती. "घेतली असेल तर माझं बोट दाबा. नसेल तर दाबू नका. डॉक्टरांशिवाय मी कुणाला सांगणार नाही."

बाहेर गल्लीत कुणाचा तरी रेडिओ चालू होता. तो हात तिच्या हातात तसाच पडून राहिला, आणि ती मनातल्या मनात म्हणत राहिली, दाबा किंवा दाबू नका, पण खरं काय ते करा.

मग बोट दाबलं गेलं. जोर फारसा नव्हता, पण चूक होण्यासारखंही काही नव्हतं.

"आज?"

हात सैल.

"काल?"

हाताने पुन्हा दाबलं.

"बस. झालं, बाबा. झोपा आता." ॲस्पिरिन कधी बाधली होती का, पोटात कधी रक्तस्राव झाला होता का, हे तिने विचारलं, त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. पर्समधली ॲस्पिरिनची पट्टी काढून तिने नाव आणि तारीख मोठ्याने वाचली. ऐकायला हिंमतराव नव्हते. पडद्याआडून प्रेमलाचा आवाज आला. तिने ते नाव जसंच्या तसं परत म्हटलं, कुणी शिकवलेलं नसताना. मग आम्रपालीने गोळी भीमरावांना चावायला दिली.

गाडी आली तेव्हा तिच्यावरच्या नव्या मुलाने सवयीने जिभेखालची गोळी काढली. "नाही द्यायची," आम्रपाली म्हणाली. "मी विचारलंय." तो काही बोलणार होता, पण तिच्या तोंडाकडे पाहून त्याने गोळी परत ठेवली. बाकीचं तिने गाडीत फोनवरच्या डॉक्टरांना सांगितलं, हळू आवाजात, खिडकीकडे तोंड करून.

दवाखान्यात भीमरावांना आत नेलं आणि सासू-सून बाकावर बसल्या. नळी मोकळी होतेय, असं एक डॉक्टर येऊन सांगून गेला. चेतन चाकणहून निघाला होता. प्रेमला एका मुठीवर दुसरा हात ठेवून बसली होती. बऱ्याच वेळाने तिने मूठ उघडली. गोळीचा घामाने पांढरा चिखल झाला होता आणि तो तिच्या हाताच्या रेषांत भरला होता.

"मला विचारलं असतंस," ती तळव्याकडे बघत म्हणाली, "तर मी नाही म्हणाले असते."

आम्रपाली बाकावर तिच्याकडे वळली.

"माहीत असून. त्यांच्या तोंडात ही घालत होते आणि तरी नाही म्हणाले असते. तुळजाबाई दारात उभ्या होत्या ना."

मग ती उठून बेसिनपाशी गेली आणि हात धुतला. ती तो फार वेळ धूत होती. आम्रपालीला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण त्यांच्यात तसं कधी झालेलं नव्हतं, म्हणून तिने पदराचं टोक पुढे केलं आणि प्रेमलाने त्याला हात पुसला.

"मांजरीला जाशील ना?"

"जावं तर लागेल. नोकरी हवी."

"काय म्हणशील?"

"अजून ठरलं नाही."

भीमराव घरी आले त्या आठवड्यात ती गेली. आमोदसरांनी तारीख बदलून देताना आवाजात उपकार ठेवला होता. हिंमतराव आपल्या मोटारसायकलवरून तिला घेऊन गेले आणि फाटकाबाहेर कडुलिंबाखाली थांबले. तिने साधीच साडी नेसली होती.

अण्णा खुर्चीत बसले होते, गालफडं बसलेली, पण रंग माणसात आलेला. सुदर्शनने तिला बसा म्हटलं नाही. द्वारकाबाई दाराला धरून उभ्या.

"अण्णा," आम्रपाली म्हणाली, "मी सगळ्यांदेखत विचारलं. आधी माणसं बाहेर काढायला हवी होती. ते माझं चुकलं. माफ करा."

"आणि?" सुदर्शन म्हणाला. "परत असलं कुणाला विचारणार न्हाय, हे बोला. सरांनी सांगितलंय तुम्हाला."

तिला भाजीबाजारातला हमाल आठवला, क्रेटवर बसून हसणारा. प्रेमलाचा तळवा आठवला. फार थकल्यासारखं वाटलं. या थकव्यापुढे नोकरीची भीतीसुद्धा पाय ओढत चालली होती.

"विचारीन," ती म्हणाली. "एकटं गाठून विचारीन. पण विचारीन."

"बघितलं, अण्णा? ही माफी व्हय?" सुदर्शनने फोन उचलला. "थांबा, सरांनाच लावतो."

"सुदर्शन," अण्णा म्हणाले. आवाज बसका होता. "बाई उन्हातनं आल्यात. त्यांस्नी पाणी आण."

"आई आणंल."

"तू आण. फ्रिजमधलं नगं, माठातलं. मागच्या पडवीतला माठ."

सुदर्शन पाय आपटत गेला. अण्णांनी बायकोकडे पाहिलं. "च्या टाक."

"त्यांना च्या..."

"टाक की."

द्वारकाबाई गेल्या. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं, आणि ते पूर्ण लागलंय की नाही हे एकदा हाताने चाचपून पाहिलं. खोलीत दोघंच उरली. पंखा तसाच गरम हवा इकडून तिकडे करत होता. अण्णांनी धोतराचा सोगा गुडघ्यावर नीट केला, समोरच्या भिंतीकडे पाहिलं, मग मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"हां," ते म्हणाले. "आता इचारा."

तिने विचारलं. तेच शब्द, तसेच.

अण्णांनी मान हलवली. एकदाच, खाली. मग म्हणाले, "तवा दिली असती तुमी, तर?"

"सांगता येत नाही, अण्णा. कदाचित आज इथे नसता."

त्यांनी पडवीच्या बाजूला एक नजर टाकली. "पोराला सांगू नका."

"नाही सांगत."

पडवीतून पावलं वाजली. सुदर्शन तांब्या-भांडं घेऊन आत आला. अण्णा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "बाईंनी माफी मागितली. विषय संपला. तुझ्या त्या साहेबाला कळव तसं."

"पण त्या म्हणत होत्या..."

"मागितली म्हनलं ना मी."

सुदर्शनने भांडं तिच्यापुढे धरलं. "पुढच्या वेळी भान ठेवा, मॅडम."

"ठेवीन," आम्रपाली म्हणाली आणि पाणी प्यायली. माठातलं पाणी गार होतं. तिने सगळं संपवलं आणि आणखी मागितलं.

फाटकाबाहेर हिंमतराव कडुलिंबाच्या काडीने दात कोरत होते. तिला पाहून त्यांनी काडी फेकली.

"झालं?"

"झालं. नोकरी राहिली."

ती मागे बसली. त्यांनी किक मारायला पाय उचलला आणि तसाच धरून मान मागे वळवली. "मंग ताई, त्या दिवशी बुढ्यानं घेतली होती का नोहती?"

आम्रपालीने पदर डोक्यावरून घेऊन उन्हासाठी नीट खोचला.

"ते सांगायचं नसतं, हिंमतराव," ती म्हणाली. "चला, पोती वाळली असतील."